कुलूप लागलं की कुत्रं ओरडतं, दार ओरबाडतं: आधी काय तपासायचं, मग काय

संभाजीनगरात मी लोकांची कुत्री सांभाळतो, त्यांना वळण लावतो. जालना, बीड, परभणीकडूनही फोन येतात आणि त्यातले बरेचसे एकाच तक्रारीचे असतात. "दादा, आम्ही भायेर पाय टाकला की कुत्रं लई वरडायलंय, शेजारचे भांडायला उठलेत." त्यापुढचा प्रश्नही ठरलेला: गोळी कोणती देऊ? गोळीचं शेवटी बोलू. त्याच्या आधी फुकटात किंवा थोडक्या पैशांत करून बघण्यासारखं बरंच आहे. खाली जो क्रम दिलाय तो स्वस्तापासून महागाकडे आणि सोप्याकडून अवघडाकडे जातो. मधली पायरी गाळून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारणाऱ्यांचे पैसे जातात आणि कुत्रं तिथंच राहतं.

लक्षणं

- घरातलं शेवटचं माणूस गेलं की लगेच, बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासाच्या आतच, लांब सुराचं रडणं किंवा एकसारखं भुंकणं.
- दाराची चौकट, उंबरा, खिडकीची जाळी, गेटचा खालचा पत्रा कुरतडलेला. सोफा आणि उशा मात्र शाबूत. कुत्र्याला बाहेर पडायचं होतं, हे त्यावरून कळतं.
- एरवी बाहेर गेल्याशिवाय शी-शू न करणारं कुत्रं एकटं असताना फरशीवर करतं.
- छाती आणि पुढचे पाय लाळेने ओले, दारापाशी लाळेचं थारोळं.
- भांड्यातलं खाणं तसंच पडलेलं. तुम्ही आत आलात की तेच खाणं दोन मिनिटांत फस्त.
- तुम्ही कपडे बदलायला लागलात की मागे मागे फिरणं, ऊन नसताना धापा, वारंवार जांभया, ओठ चाटणं, थरथर.
- नखं रक्ताळलेली, सुळा तुटलेला. हे दिसलं तर मधलं सगळं सोडा आणि थेट "इथं थांबा" या भागाकडे जा.

ही सगळी लक्षणं एकाच कुत्र्यात दिसतील असं नाही. एखादं कुत्रं हूं की चूं करत नाही, नुसतं दारापाशी उभं राहून लाळ गाळत कापत असतं. त्याची तक्रार शेजारी करत नाहीत, त्यामुळे ते सगळ्यात उशिरा लक्षात येतं. मुद्दा इतकाच की तुम्ही घरात असताना हे होत नाही आणि तुम्ही गेलात की जवळपास दरवेळी होतं.

मोबाईल लावून बाहेर पडा

घरात एखादा जुना मोबाईल पडलेला असतोच. तो चार्जिंगला लावा, कपाटावर दाराच्या दिशेने ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि रोजच्यासारखे निघून जा. तासाभराचं चित्रण मिळालं की पुरे. पण कोपऱ्यावर थांबून कान देऊ नका. कुत्र्याला तुमचा वास येतो, स्कूटी लांब गेली नाही हेही कळतं, आणि चित्रणात खोटंच काहीतरी येतं.

या पायरीला पैसा लागत नाही, तरी हीच लोक सर्रास टाळतात. "कळतंय की आम्हाला, ते रडतंय." रडतंय हे शेजाऱ्यालाही कळतं. आपल्याला हवाय तो मिनिटाचा आकडा. दार लागल्यापासून पहिलं लक्षण कितव्या मिनिटाला दिसलं?

पहिल्या काही मिनिटांतच धापा, येरझाऱ्या, दाराला पंजे, रडणं सुरू झालं आणि ते थांबत नसेल, तर ही विरहाची भीती. बाकीचा लेख त्यासाठीच आहे.

दीड-दोन तास गाढ झोपलं, मग घंटागाडीचं गाणं लागलं किंवा भंगारवाल्याचा भोंगा आला आणि त्यावर तुटून पडलं, तर ते राखण करतंय. गेटला हिरवी शेडनेट किंवा जुनी चादर बांधून रस्ता दिसेनासा करा, कुत्र्याला मागच्या खोलीत ठेवा. बरंचसं काम तिथंच होतं.

आधी इकडेतिकडे हुंगत फिरलं, मग शेपूट सैल ठेवून मजेत चप्पल फाडत बसलं, तर ते कंटाळलंय. त्याला फिरवा आणि चावायला काहीतरी द्या.

लग्नाच्या वरातीत, दिवाळीत किंवा जूनच्या पहिल्या वळवाच्या गडगडाटातच होत असेल, तर भीती आवाजाची आहे. तुम्ही घरात असलात तरी ते पलंगाखाली घुसेल. आवाजाची आणि एकटेपणाची भीती एकाच कुत्र्यात सापडणं मात्र नवीन नाही. तसं असेल तर डॉक्टरांना दोन्ही सांगा.

मिनिटाचा तो आकडा वहीत लिहून ठेवा, पुढं सरावाला लागणार आहे.

इथंच एक सांगून टाकतो. परत आल्यावर कुरतडलेलं दार दाखवून ओरडू नका, मारू तर नकाच. "बघा, मान खाली घालून बसलंय, चूक कळते त्याला," असं म्हणणारे रोज भेटतात. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली हेच तपासलं होतं. मना केलेला खाऊ कुत्र्याने खरंच खाल्ला की नाही, यावर तो अपराधी चेहरा अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो चेहरा यायचा, आणि काहीही न केलेल्या कुत्र्याचाही यायचा. म्हणजे मान खाली जाते ती तुमच्या आवाजाने. आता तुम्ही परत येण्याचीच धास्ती बसली, तर एकटं राहणं आणखी अवघड होतं.

ऊन, पाणी, लघवी

मे महिन्यात आपल्याकडे पारा 42-43 अंशांवर जातो. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, जिन्याखाली किंवा तापलेल्या गॅलरीत बांधलेलं कुत्रं ओरडत असेल तर त्याला कोणाचा विरह झालेला नाही, ते भाजतंय. खोली बदला. पाणी न लवंडणाऱ्या जड भांड्यात, दोन ठिकाणी ठेवा. तुम्ही गेल्यावर दुपारी लाईट जाते का, हे शेजाऱ्याला विचारा. कूलर बंद पडला की बंद खोली अर्ध्या तासात भट्टी होते, आणि भरोसा आपण कूलरवर ठेवलेला असतो.

कूलरबद्दल आणखी एक, कारण हे मराठवाड्यात घरोघरी आहे. खिडकीत बसवलेला पत्र्याचा कूलर असेल तर घाबरलेलं कुत्रं बाहेर पडायला त्याच खिडकीशी झटतं, आतली वाळ्याची किंवा गवताची जाळी ओढतं, वायर चावतं. ओल्या पत्र्यात करंट उतरला तर जीव जाईल. एकटं ठेवायच्या खोलीत असा कूलर नको. छताचा पंखा आणि सावलीतली खोली बरी.

लघवीचा हिशोब साधा आहे. तीन-चार महिन्यांचं पिल्लू तीन-चार तासांहून जास्त धरू शकत नाही. ते ऑफिसच्या नऊ तासांत फरशीवर करणारच, त्यात भीती शोधू नका. चार ते सात महिन्यांत दात बदलताना ते दिसेल ते चावतं, तेही धरून चाला.

वय आणि आजार

आठ-दहा वर्षांचं, आजवर शहाण्यासारखं एकटं राहणारं कुत्रं अचानक रडायला लागलं, तर सराव नंतर. आधी जनावरांच्या दवाखान्यात न्या. म्हातारपणात दिसणं-ऐकणं कमी होतं, सांधे दुखतात, काहींना रात्र-दिवसाचं भान राहत नाही आणि ओळखीच्या घरातही ती कोपऱ्यात अडकून उभी राहतात. वयाने कितीही लहान असलं तरी वारंवार, थेंब थेंब लघवी होत असेल तर लघवीची तपासणी करून घ्या. अंगावर गोचीड असतील, कुत्रं मलूल असेल, हिरड्या पांढुरक्या दिसत असतील, तर गोचीड तापासाठी रक्त तपासा. दुखणाऱ्या कुत्र्याला एकटेपणा जास्त लागतो, आणि दुखणं तसंच ठेवून केलेला सराव वाया जातो.

इथं थोडं थांबून वाचा. रेबीजची लस चुकलेली आहे, लाळ गळतेय, आवाज घोगरा झालाय, पाणी गिळता येत नाही आणि तुम्ही समोर असतानाही ते लाकूड-लोखंडाला चावतंय, तर हे विरहाचं प्रकरण नाही. "घशात हाड अडकलंय का बघू" म्हणून तोंडात हात घालू नका. कुत्रं आहे तिथं बंद करा आणि पशुवैद्यकांना बोलवा. दात लागला असेल किंवा जखमेवर लाळ पडली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा.

दिनक्रम

निघण्याआधी कुत्रं फिरून, शी-शू करून, थोडं खाऊन झालेलं असावं. उन्हाळ्यात सातच्या आत फिरवा, डांबरावर आपला तळहात टेकवून बघा, पाच-सात सेकंद ठेवता आला नाही तर त्याचे पायही पोळतात. फिरताना नुसतं ओढत नेऊ नका, हुंगू द्या. दहा मिनिटं हुंगलेलं कुत्रं घरी येऊन आडवं होतं.

दमवल्याने कंटाळा जातो, भीती जात नाही. आपल्या भागात कारवानी आणि पश्मी ही शिकारी जातीची कुत्री पाळणाऱ्यांचा यावर विश्वास बसत नाही. त्यांना वाटतं, गाडीमागे पाच किलोमीटर पळवलं की दिवसभर झोपेल. पळवलेलं कुत्रंही दार ओरबाडतं, फक्त धापा टाकत ओरबाडतं. या कुत्र्यांची आणखी एक अडचण अशी की शेतावर ती कधी एकटी नसतात. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, गडी असतो, गुरं असतात, कोंबड्या असतात, रात्री चार माणसं खाटा टाकतात. तेच कुत्रं मुलाच्या हौसेपायी सिडकोतल्या दुसऱ्या मजल्यावर आणलं की जन्मात पहिल्यांदा कुलूप बघतं. त्याच्यासाठी खालचा सराव नव्या घरी आल्याच्या पहिल्या आठवड्यापासून धरायचा, तक्रार यायची वाट बघायची नाही.

निघताना चावायला-चाटायला काहीतरी ठेवा. जाड रबराचं पोकळ खेळणं मिळतं, त्यात दहीभात किंवा कुस्करलेली भाकरी-अंडं भरून फ्रीजरला लावून ठेवलं की अर्धा तास पुरतं. फुकटात करायचं असेल तर जुन्या जाड टॉवेलमध्ये भाकरीचे तुकडे गुंडाळा. पण कापड गिळण्याची सवय असलेल्या कुत्र्याला टॉवेल नको, आतड्यात अडकतो. रविवारच्या मटणाची शिजलेली हाडं नकोत, त्यांच्या काचा होतात. मनुके, चॉकलेट, कांदा आणि बिनसाखरेचं च्युइंगगम कुत्र्याला विषारी आहे.

खाऊ हा उपाय कमी आणि तपासणी जास्त आहे. तुम्ही गेल्यावर कुत्र्याने तो संपवला तर भीती हलकी आहे. तोंडच लावलं नाही आणि तुम्ही आल्यावर खाल्ला, तर भीती भारी आहे. भेदरलेल्या जिवाला भूक लागत नाही. अशा वेळी आणखी चविष्ट खाऊ शोधत बसू नका, सरावाकडे वळा.

नेमकं कोण गेल्यावर होतं?

हा प्रश्न मी दरवेळी विचारतो आणि उत्तराने निम्मा उपाय बदलतो. आजी घरात आहे, आई स्वयंपाकघरात आहे, तरीही कुत्रं दारापाशी बसून रडतं? मग ते एकटेपणाला घाबरत नाही. त्याला एका ठराविक माणसाशिवाय करमत नाही.

आपल्याकडे याचा हंगाम जून-जुलै. दहावी झालेलं पोरगं अकरावीला आणि नीटच्या क्लासला लातूरला जातं. कुत्रं त्याचं असतं: त्यानेच हट्टाने आणलेलं, त्याच्याच पलंगावर झोपणारं, त्याच्याच हातून खाणारं. मुलगा एका दिवशी ट्रंक घेऊन निघून जातो आणि कुत्र्याच्या दृष्टीने माणूस गायबच होतो. त्यात मे महिन्यात शाळा-कॉलेज बंद म्हणून घर दिवसभर भरलेलं असतं, आणि जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात एकदम रिकामं.

हे टाळता येतं, पण काम एप्रिलमध्ये सुरू करावं लागतं. मुलाने सकाळचं फिरवणं वडिलांकडे द्यायचं. संध्याकाळचं खाणं आईने घालायचं. झोपायची जागा मुलाच्या खोलीतून पॅसेजमध्ये आणायची, आधी दाराशी, मग दोन हात लांब. मुलगा घरात असतानाच रोज काही वेळ कुत्र्याने दुसऱ्या माणसाबरोबर दुसऱ्या खोलीत काढायचा. मुलाला हे आवडत नाही, त्याला वाटतं कुत्रं आपल्याला विसरेल. विसरत नाही. दिवाळीत आल्यावर ते अंगावर कसं झेप घेतं ते बघा.

एप्रिल निघून गेला असेल तरी हेच करायचं, फक्त जास्त दिवस लागतात. मात्र होस्टेलवरून फोन करून स्पीकरवर "ये राजा" ऐकवणं बंद करा. कुत्रं तो आवाज शोधत घरभर फिरतं, दारापाशी जातं आणि पुन्हा रडतं. आईला बरं वाटतं, मुलाला बरं वाटतं, कुत्र्याचा संध्याकाळचा घास जातो.

कुत्रं कोणीही एक माणूस घरात असलं की शांत राहत असेल, तर ते खऱ्या अर्थाने एकटेपणाला घाबरतंय. त्याला पुढचं लागेल.

किल्ली, हेल्मेट, स्कूटी

कुत्र्यासाठी तुमचं जाणं दार लागल्यावर सुरू होत नाही. डबा भरला, पायमोजे घातले, खुंटीवरची किल्ली वाजली, हेल्मेट उचललं, इथूनच त्याची धडधड वाढायला लागते. दार लागेपर्यंत ते पुरतं भेदरलेलं असतं. म्हणून या खुणांमधला अर्थ काढून घ्यायचा.

किल्ली उचला आणि टीव्ही बघत बसा. हेल्मेट घालून भाजी निवडा. स्कूटी सुरू करा, बंद करा, आत येऊन पाणी प्या. दिवसातून पाच-सहा वेळा, वेगवेगळ्या खुणा, आणि प्रत्येक वेळी पुढं काहीच नाही. कुत्र्याने किल्लीच्या आवाजाला मान वर करणं सोडलं की ती खूण निकामी झाली. घरातली माणसं हसतात, त्यांना हसू द्या.

निघताना आणि आल्यावर गळाभेटी नकोत असं सगळे सांगतात. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. निघताना "जाऊन येते" म्हणून शांतपणे निघालात तर काही बिघडत नाही. पाच मिनिटं कुरवाळून रडकुंडीला येऊन निघालात तर बिघडतं.

सेकंदांचा सराव

खरा उपाय हाच, आणि सगळ्यात चिकाटीचाही हाच. तत्त्व एक: कुत्रं घाबरण्याच्या आत तुम्ही परत यायचं. दरवेळी. भीती चढू दिली नाही तरच "दार लागतं, माणूस येतं, काही होत नाही" हे त्याच्या अंगात मुरतं.

वहीतला आकडा काढा. पहिलं लक्षण दुसऱ्या मिनिटाला दिसलं असेल तर सुरुवात तीस-चाळीस सेकंदांपासून. दार लागताक्षणीच होत असेल तर सुरुवात दाराच्या आतूनच: कडीला हात लावा, परत या. दार उघडा, लावा, परत या. एक पाऊल बाहेर टाका, परत या. बाहेरून दार ओढून घ्या, मनात एक अंक मोजा, आत या. आत आल्यावर जल्लोष नको, फरशी पुसायची असल्यासारखे चालत जा.

मग वेळ वाढवायची, पण चढत्या क्रमाने नाही. वीस सेकंद, पाच, तीस, दहा, चाळीस, पंधरा. सतत वाढतच गेलं तर कुत्र्याला तेही कळतं आणि प्रत्येक फेरी त्याला आधीपेक्षा वाईट वाटते. दिवसातून एकदा दहा-पंधरा मिनिटं पुरे. आठवड्यातून एखादा दिवस सुट्टी. मोबाईल चालूच ठेवा. दुसऱ्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून जिन्यात उभं राहून बघता आलं तर उत्तम, म्हणजे जांभई, ओठ चाटणं, येरझारा दिसल्या की लगेच आत येता येतं.

मध्येच रडलं तर? क्षणभर थांबलं की आत या. खूपच भेदरलं असेल तर न थांबताच या. दाराबाहेर उभं राहून "रडून रडून गप्प होईल" याची वाट बघू नका. ते गप्प होतं ते थकून, आणि पुढच्या खेपेला आधी सुरू करतं. पुढच्या दिवशी निम्म्या वेळेवर या. मागे येणं यात धरलेलंच आहे.

पहिल्या अर्ध्या-पाऊण तासापर्यंत पोचायलाच सगळ्यात जास्त दिवस लागतात. काही कुत्री महिन्याभरात पोचतात, काहींना चार-सहा महिने जातात. तास-दीड तास निवांत राहायला लागलं की पुढं मोठ्या उड्या घेता येतात, कारण भीतीचा जोर सुरुवातीलाच असतो.

आता ज्या अटीवर सगळे अडतात ती. सराव चालू असेपर्यंत कुत्र्याला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही. सकाळी चाळीस सेकंदांचा सराव केला आणि नऊ वाजता आठ तासांसाठी कुलूप लावलं, तर सकाळचं सगळं धुऊन गेलं.

"मग नोकऱ्या सोडायच्या का?" नाही. जुळवाजुळव करायची. नवरा-बायको दोघं वाळूज किंवा शेंद्र्याला शिफ्टमध्ये असाल तर काही महिन्यांसाठी उलटसुलट पाळ्या मागून बघा. दुकान असेल तर कुत्र्याला गल्ल्यामागे बसवा, जालन्याच्या बाजारात अशी कुत्री मी पाहिली आहेत, गिऱ्हाईकच त्यांना बिस्किट घालतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंना, निवृत्त शेजाऱ्यांना विचारा, शिवाय कॉलेजात जाणारी पोरं थोड्या पैशांत घरी येऊन अभ्यास करत बसायला तयार असतात. गावाकडचे आजी-आजोबा दोन महिने येऊन राहिले तर सोन्याहून पिवळं. कुत्री सांभाळणाऱ्याकडे सोडणं हा यातला महागडा पर्याय, आणि हे माझाच धंदा असूनही मी तो शेवटी सांगतो. जे अगदीच टळत नाही त्या दिवशी नेहमीच्या दाराने जाऊ नका, मागच्या दाराने निघा. सरावाच्या वेळी अंथरायची चादरही त्या दिवशी काढून ठेवा. म्हणजे वाईट दिवस सरावाला चिकटत नाही.

शेजाऱ्यांना आधीच जाऊन सांगा: "उपाय चालू आहे, दोन-तीन महिने लागतील, फारच झालं तर फोन करा." बहुतेकजण ऐकतात. सोसायटी कुत्रं पाळायलाच बंदी घालू शकत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पण रात्रपाळी करून आलेल्या माणसाची झोप मोडत असेल तर त्याच्यापुढं नियम वाचून दाखवण्यात शहाणपण नाही.

हे करून बिघडतं

साखळीने बांधून जाणं. घाबरलेलं कुत्रं साखळीत गुंतून गळफास लावून घेतं. शिवाय आखूड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे.

पिंजरा. ज्याला आधीपासून पिंजरा आवडतो त्याचं ठीक. भेदरलेल्याला कोंडलं तर तो गजावर दात तोडून घेतो.

भुंकलं की झटका देणारा पट्टा. आवाज बंद होतो, भीती दुप्पट होते.

दुसरं कुत्रं आणणं. विरह माणसाचा आहे, त्यामुळे जोडीला कुत्रं आणूनही बहुतेक वेळा पहिलं तसंच रडतं, आणि क्वचित दुसरंही त्याच्याकडून शिकतं. दुसरं हवंच असेल तर स्वतःच्या हौसेने आणा, औषध म्हणून नको.

इथं थांबा आणि पशुवैद्यकांकडे जा

नखांतून किंवा तोंडातून रक्त. तुटलेला दात. खिडकीतून, गच्चीवरून उडी मारण्याचा प्रयत्न. दार लागताक्षणी टोकाची भीती, अन् एका सेकंदाचाही सराव होत नाही. तुम्ही निघताना अडवणं, गुरगुरणं, चावणं. दोन-तीन महिने मनापासून सराव करूनही आकडा हलत नाही. यातलं काहीही असलं तर माझ्यासारख्या माणसाचं काम संपतं आणि डॉक्टरांचं सुरू होतं.

आल्यावर कुत्रं प्रचंड धापा टाकतंय, हिरड्या लालभडक, पाय लटपटतायत, तर तो उष्माघात आहे. अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि गाडी काढा, बाकी सगळं नंतर.

गावातल्या सरकारी दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते आणि कुत्र्याच्या वागण्याबद्दल बोलायला त्यांना वेळ असेलच असं नाही. परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखालची. जवळच्या डॉक्टरांना हे प्रकरण झेपत नसेल तर तिथं दाखवा. जाताना चित्रण, आकड्यांची वही, लसीचं कार्ड आणि आजवर दिलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या.

त्या यादीत गोचिडांचं औषध न विसरता लिहा. या भीतीसाठी डॉक्टर बहुधा ज्या दोन औषधांचा विचार करतात, ती फ्लुओक्सेटिन आणि क्लोमिप्रामिन. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कुत्र्यांच्या विरहाच्या भीतीसाठी क्लोमिप्रामिनला 1998 साली आणि फ्लुओक्सेटिनला 2007 साली मान्यता दिली, दोन्ही वेळा वर्तनाच्या सरावाच्या जोडीने द्यायचं औषध म्हणून. अमिट्राझ असलेलं गोचिडांचं औषध आपल्याकडे कृषी केंद्रातही मिळतं, बैलाला वापरून उरलेलं कुत्र्यालाही लावलं जातं. या दोन गोळ्यांबरोबर ते चालत नाही, जिवावर बेतू शकतं. आधी कधी झटके, फिट आली असेल तर तेही सांगा, त्यावरून औषधाची निवड बदलते.

घरातल्या माणसांच्या झोपेच्या गोळ्या, नुसत्या अंदाजाने अर्धी-पाव करून, देऊ नका. नुसती गुंगी आणणारी औषधंही असतात, त्यांनी कुत्रं पडून राहतं पण आतून जागं आणि घाबरलेलंच असतं. डॉक्टरांनी नेमकं काय दिलंय हे विचारून घ्या.

रोजच्या गोळीचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून बंद करणारे फार. सुरुवातीला भूक थोडी कमी होते, ते डॉक्टरांना कळवा, पण स्वतःहून थांबू नका. गोळीने भीती खाली येते आणि मग सेकंदांचा सराव लागू पडतो, त्यामुळे गोळी सुरू झाली म्हणून सराव सोडायचा नाही. बरं वाटल्यावरही ती एकदम तोडायची नसते, डॉक्टर काही आठवड्यांत हळूहळू उतरवतात.

बरं झालेलं कुत्रं दिवाळीच्या सुट्टीनंतर, घर बदलल्यावर किंवा लांबच्या आजारपणानंतर पुन्हा रडू शकतं. तेव्हा मोबाईल लावून नवा आकडा काढा आणि त्याच्या निम्म्यापासून धरा. दुसऱ्या खेपेला बहुतेकांना पहिल्याइतके दिवस लागत नाहीत.